संस्थेचें संकेतस्थळ : वर्डप्रेसची उभारणी आणि घडण

गांवांत वाचनालयाची इमारत उभी करावयाची झाली, म्हणजे कार्यकारी मंडळ पहिला प्रश्न विचारतें तो जागेचा. जागा कोणाच्या नांवावर आहे, उतारा कोणाच्या हातीं आहे, उद्यां मालकाचें मन फिरलें तर कपाटें कोठें न्यावयाचीं, याचा निकाल लागल्यावांचून कोणी पायाची एक वीटहि बसवीत नाहीं. परंतु तेंच वाचनालय इंटरनेटवर आपलें घर मांडावयास निघालें, कीं हा साधा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. कोणा उत्साही सभासदानें एखाद्या लोकप्रिय सेवेवर संस्थेच्या नांवाचें पान उघडून दिलें, कीं काम झालें असें सर्वांस वाटतें. दहा-दहा वर्षांचीं छायाचित्रें, व्याख्यानांचे वृत्तांत, दुर्मिळ ग्रंथांच्या याद्या त्या पानावर सांचत जातात. आणि जागा परक्याची आहे हें ध्यानांत येतें तें ती सोडण्याची सूचना हातीं पडल्यावर.

अशा सूचना प्रत्यक्ष आलेल्या आहेत. जिओसिटीज नांवाच्या सेवेवर लाखो सामान्य माणसांनीं आपलीं पहिलीं पानें लिहिलीं होतीं. ती सेवा अमेरिकेंत ऑक्टोबर २००९ मध्यें बंद झाली. भारतांत ज्याचा एके काळीं मोठा प्रसार होता तें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मिटलें. लोकांना आपलें साहित्य उतरवून घेण्यास मुदत मिळाली, पण मोडलेला संसार गाडींत भरून नेणें वेगळें आणि घर उभें राहणें वेगळें. यांत कोणाचा दुष्टावा होता असें नव्हे. ज्याची जागा त्याचा निर्णय, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ज्या संस्थेला आपलें लिखाण पुढच्या पिढीच्या हातीं द्यावयाचें आहे, तिनें आपलें स्वतंत्र संकेतस्थळ उभारणें श्रेयस्कर. तें कसें उभारावें, आपल्या गरजेप्रमाणें कसें घडवावें, आणि घडवितांना कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार येथें वर्डप्रेस या प्रणालीच्या उदाहरणावरून केला आहे. जगांतील सर्व संकेतस्थळांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक स्थळें आज याच प्रणालीवर चालतात. त्यामुळें अडचण आली असतां सल्ला देणारा माणूस तालुक्याच्या गांवींहि भेटण्याचा संभव अधिक.

प्रथम ही प्रणाली म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं संकेतस्थळाचें प्रत्येक पान एचटीएमएल नांवाच्या खुणांच्या भाषेंत हातानें लिहावें लागे. संस्थेचा दूरध्वनि क्रमांक बदलला, तर शंभर पानें उघडून शंभर वेळां तो बदलावा लागे. ज्यानें जुन्या छापखान्यांत खिळे जुळवितांना पाहिलें आहे, त्याला ही अडचण निराळी सांगावयास नको. तेथें मजकूर आणि त्याची मांडणी एकाच चौकटींत आवळलेलीं असत, आणि मध्येंच एक ओळ वाढली तर पुढचें सारें जुळवण पुन्हां सरकवावें लागे. इंग्रजींत जिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात, त्या आशय-व्यवस्थापन प्रणालीनें ही गांठ सोडविली. तिच्यांत मजकूर एका बाजूला, डेटाबेस नांवाच्या कोठारांत, साध्या स्वरूपांत ठेवलेला असतो. त्याचें बाह्यरूप, म्हणजे मथळा कोठें, अक्षर केवढें, रंग कोणता, हें दुसऱ्या बाजूला थीम नांवाच्या सांच्यांत ठरविलेलें असतें. वाचकानें पानाची मागणी केली, कीं सर्व्हरवरील आज्ञावली कोठारांतून मजकूर काढते, सांच्यांत ओतते आणि तयार पान वाचकाकडे पाठविते. सांचा बदलला कीं हजार पानांचें रूप एकदम बदलतें. मजकुराच्या एका अक्षरालाहि धक्का लागत नाहीं.

वर्डप्रेसचा जन्म कसा झाला ही हकीकत प्रस्तुत विषयाच्या मुळाशीं आहे. सन २००१ मध्यें मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणानें ‘बीटू’ नांवाची एक छोटी लेखन-प्रणाली तयार केली होती. कांहीं काळानें त्याच्याकडून तिच्यांत सुधारणा होईनाशा झाल्या आणि ती वापरणारे लोक अडचणींत आले. त्यांच्यापैकीं एक होता अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरचा मॅट मुलेनवेग नांवाचा अवघ्या एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. जानेवारी २००३ मध्यें त्यानें जाहीरपणें लिहिलें, कीं या प्रणालीचा परवाना असा आहे कीं मूळ कर्ता नसतांहि दुसऱ्या कोणास तें काम पुढें नेतां येईल. दुसऱ्याच दिवशीं इंग्लंडमधील माइक लिटल यानें आपण या कामांत भागीदार होण्यास तयार आहों असें कळविलें. दोघांनीं मिळून घडविलेली पहिली आवृत्ति २७ मे २००३ रोजीं प्रसिद्ध झाली. तेंच वर्डप्रेस. कर्ता दूर झाला तरी कृति थांबली नाहीं, याचें श्रेय दोघांच्या बुद्धीइतकेंच त्या परवान्यालाहि आहे.

हा परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यानें तो १९८९ मध्यें सिद्ध केला आणि त्याची दुसरी आवृत्ति १९९१ मध्यें निघाली. वर्डप्रेस या दुसऱ्या आवृत्तीच्या अटींवर दिलें जातें. त्यानें वापरणाऱ्यास चार अधिकार मिळतात. आज्ञावली कोणत्याहि कामासाठीं चालवावी. ती उघडून तिचा अभ्यास करावा व तिच्यांत फेरफार करावा. तिच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या. आणि फेरफार केलेली प्रतहि द्यावी. अट एवढीच, कीं अशी प्रत देतांना घेणाऱ्यासहि हेच अधिकार द्यावयाचे. सामान्यतः लोक यास ‘फुकटचें सॉफ्टवेअर’ म्हणतात. पण फुकट आणि मुक्त या दोन शब्दांत अंतर आहे. धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत असें म्हणतात. येथें दांत पाहण्याचा, एवढेंच नव्हे तर गाईचा वंश वाढविण्याचा हक्क लेखी दिलेला आहे. पैसे न पडणें हा आनुषंगिक लाभ आहे. कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहावें न लागणें हा खरा लाभ होय.

येथें एका नामसादृश्याचा घोटाळा दूर करणें इष्ट आहे. वर्डप्रेस या नांवाचें सॉफ्टवेअर निराळें, आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही एका खाजगी कंपनीनें त्याच सॉफ्टवेअरवर चालविलेली भाड्याची सेवा निराळी. दुसऱ्या मार्गांत उभारणीचा त्रास नाहीं, पण काय बदलतां येईल हें घेतलेल्या योजनेवर ठरतें. पहिल्या मार्गांत संस्था सॉफ्टवेअर स्वतः उतरवून घेते आणि आपण घेतलेल्या जागेंत तें बसविते. पुढील विवेचन या पहिल्या मार्गाविषयीं आहे.

कल्पना करावी, कीं एका तालुक्याच्या गांवच्या वाचनालयानें हें काम मनावर घेतलें आहे. त्यास प्रथम दोन वस्तु लागतील. एक नांव आणि दुसरी जागा. नांव म्हणजे डोमेन. तें वर्षाच्या बोलीनें नोंदवावें लागतें आणि मुदत संपण्यापूर्वीं नवें करावें लागतें. सन २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा शेवट असलेलीं देवनागरी नांवेंहि नोंदवितां येतात. जागा म्हणजे होस्टिंग, अर्थात् अहोरात्र चालू असलेल्या एखाद्या सर्व्हरवरील भाड्याचा कोपरा. आतां कोणी विचारील, कीं हीहि भाड्याचीच जागा, मग फरक तो काय? फरक असा, कीं येथें कोठार आणि सांचे दोन्ही संस्थेच्या मालकीचे असतात. मालकाशीं पटलें नाहीं तर तीं उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेतां येतात, आणि नांव तेंच राहिल्यानें वाचकाला स्थलांतर झाल्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणूनच नांव कोणाच्या नांवें नोंदलें जातें हें महत्त्वाचें. बहुतेक ठिकाणीं धडपड करणारा सभासद तें आपल्या खाजगी ईमेलवर नोंदवितो. त्यांत त्याचा हेतु शुद्ध असतो. पण तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला, अथवा त्याचें आणि मंडळाचें बिनसलें, कीं संस्थेचें नांव संस्थेच्या हातीं राहत नाहीं. नोंदणी संस्थेच्या नांवें आणि संस्थेच्या ईमेलवरच करावी.

सॉफ्टवेअर बसविण्याचें काम ‘पांच मिनिटांची उभारणी’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तयारी असेल तर त्यांत फारशी अतिशयोक्ति नाहीं. वर्डप्रेस पीएचपी या भाषेंत लिहिलेलें असून त्याचें कोठार मायएसक्यूएल अथवा मारियाडीबी या डेटाबेसमध्यें असतें. बहुतेक होस्टिंगवर हीं दोन्ही असतात. प्रथम होस्टिंगच्या नियंत्रण-पटलावरून एक रिकामा डेटाबेस तयार करावा आणि तो वापरण्यासाठीं एक नांव व पासवर्ड ठरवावा. नंतर वर्डप्रेसची ताजी प्रत त्याच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून सर्व्हरवर चढवावी. मग ब्राउझरमध्यें आपला पत्ता उघडला, कीं प्रणाली मुख्यतः चार गोष्टी विचारते: डेटाबेसचें नांव, वापरणाऱ्याचें नांव, पासवर्ड आणि डेटाबेस ज्या यंत्रावर आहे त्याचा पत्ता. या गोष्टी ‘डब्ल्यूपी-कन्फिग’ नांवाच्या एका फायलींत लिहिल्या जातात. ती फाइल म्हणजे कोठाराची किल्ली. ती ईमेलनें इकडून तिकडे पाठवूं नये. यानंतर स्थळाचें नांव आणि पहिल्या व्यवस्थापकाचें नांव-पासवर्ड दिलें, कीं कोठारांत बारा कोष्टकें तयार होतात. लेख एकांत, त्यांचे विषय दुसऱ्यांत, लिहिणाऱ्यांचीं नांवें तिसऱ्यांत, अशी ही व्यवस्था असते. उभारणी येथें संपते. व्यवस्थापकाचें नांव ‘ॲडमिन’ असें ठेवूं नये. चोर पहिल्यानें तेंच नांव घेऊन दार वाजवितो.

पहिल्या दिवशीं करावयाच्या गोष्टी थोड्या पण दूरगामी आहेत. सप्टेंबर २०१४ मधील चौथ्या आवृत्तीपासून उभारणीच्या वेळींच भाषा निवडतां येते, आणि त्या यादींत मराठी आहे. मराठी निवडली म्हणजे व्यवस्थापनाचें पटलहि मराठींत येतें, आणि इंग्रजी न येणाऱ्या ग्रंथपालास तें स्वतः हाताळतां येतें. स्थळास सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र घ्यावें. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तें डिसेंबर २०१५ पासून सर्वांस विनामूल्य देत आली आहे. वाचनाच्या मांडणींत शोध-यंत्रांस मज्जाव करणारी एक चौकट असते. स्थळ अर्धवट असतांना तिच्यावर खूण करणें योग्य. परंतु उद्घाटनाच्या दिवशीं ती पुसावयाची राहिली, तर वर्षभर लिहूनहि शोधणाऱ्यास संस्था सांपडत नाहीं, आणि दोष लेखनास दिला जातो.

मराठी लेखकांस एक अडचण विशेष भोंवते. प्रत्येक लेखाचा पत्ता वर्डप्रेस त्याच्या मथळ्यावरून आपोआप बनवितें. त्या पत्त्यास कोठारांत दोनशें चिन्हांची जागा दिलेली आहे. रोमन अक्षर त्यांत एक चिन्ह घेतें. देवनागरीचें प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक मात्रा व वेलांटीहि, टक्क्याच्या खुणांनीं लिहिल्यामुळें नऊ-नऊ चिन्हें घेते. म्हणजे सुमारें बावीस अक्षरें व मात्रा झाल्या कीं जागा संपते आणि लांब मथळ्याचा पत्ता शब्दाच्या मध्येंच तुटतो. शिवाय तो पत्ता कोणास पाठविला असतां पुष्कळदां टक्क्यांची लांबलचक माळ दिसते. उपाय सोपा आहे. मथळा हवा तितका लांब ठेवावा, पण पत्ता प्रसिद्धीपूर्वींच हातानें दोन-तीन शब्दांचा करावा. नंतर बदलला तर लोकांनीं टिपून ठेवलेले दुवे तुटण्याचा धोका असतो.

तसेंच जुन्या मजकुराविषयीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठींत जें टंकलेखन झालें, त्यांतील पुष्कळसें अशा फाँटांत आहे, कीं ज्यांत मराठी दिसणारें अक्षर आंतून रोमनच असतें. तें तसेंच चिकटविलें तर पानावर अर्थहीन चिन्हें उमटतात. म्हणून तें आधीं युनिकोडमध्यें रूपांतरित करावें आणि मूळाशीं ताडून पाहावें. हा खटाटोप चुकविण्यासाठीं कित्येक संस्था सूचनेचें छायाचित्रच पानावर डकवितात. डोळ्यांस तें वाचतां येतें, पण शोध-यंत्रास त्यांतील मजकूर सहसा उमगत नाहीं आणि अंध वाचकास पान वाचून दाखविणारें यंत्रहि तेथें मुकें होतें.

आतां घडणीचा मुख्य भाग. वर्डप्रेसच्या पोटांत तीन थर आहेत, आणि ते नीट ओळखणें हें या विषयांतील अर्धें शहाणपण होय. पहिला थर गाभ्याचा. जगभर सर्वत्र तो एकच असतो आणि त्याच्या नव्या आवृत्त्या वरचेवर निघतात. दुसरा थीमचा, त्यानें रूप ठरतें. तिसरा प्लगइनचा, त्यानें अंगीं नवे गुण येतात. प्लगइन जोडण्याची सोय मे २००४ मधील १.२ या आवृत्तीनें आणि थीम बदलण्याची फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तीनें आणली. थीम, प्लगइन आणि चढविलेलीं छायाचित्रें ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या एका फोल्डरमध्यें राहतात. नवी आवृत्ति येते तेव्हां गाभ्याच्या फायली पुसून त्या जागीं नव्या ठेवल्या जातात. त्या फोल्डरमधील संस्थेच्या स्वतःच्या वस्तूंस मात्र हात लागत नाहीं.

यावरून नियम निघतो तो असा, कीं गाभ्यास कधींहि हात लावूं नये. परवाना फेरफाराचा अधिकार देतो खरा. परंतु गाभ्यांत आज केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीबरोबर वाहून जाते. मग ती वाहून जाऊं नये म्हणून माणूस नवी आवृत्तीच घेण्याचें टाळतो, आणि न घेतलेल्या आवृत्तीबरोबर न बुजविलेलीं भगदाडेंहि तशींच राहतात. एका मथळ्याचा रंग बदलण्याच्या हौसेपायीं सारें घर उघडें पडतें. दुसऱ्यानें तयार केलेल्या थीमलाहि हेंच लागू आहे, कारण तिच्याहि नव्या आवृत्त्या निघतात.

मग बदल करावा तरी कोठें? यासाठीं वर्डप्रेसनें चाइल्ड थीम, म्हणजे अपत्य-थीम, ही योजना केली आहे. एक नवा फोल्डर करावा, त्यांत शैलीपत्रकाची एक फाइल ठेवावी आणि तिच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचें नांव लिहावें. अपत्याजवळ जें नाहीं तें सर्व मूळ थीमकडून घेतलें जातें. जें आहे तें अपत्याचें धरलें जातें. मूळ थीम कितीहि वेळां नवी झाली तरी अपत्य सुरक्षित राहतें. मूळ थीमचें शैलीपत्रक आधीं आणि अपत्याचें नंतर वाचलें जाईल, एवढी व्यवस्था मात्र पाहावी लागते. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून ब्लॉक थीम नांवाचा नवा प्रकार आला असून त्यांत पुष्कळसे बदल आज्ञावली न लिहितां, पटलावरूनच करतां येतात आणि ते कोठारांत जपले जातात.

मराठी स्थळास असे बदल करावेच लागतात. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढें ठेवून केलेल्या असतात. मथळा भारदस्त दिसावा म्हणून त्यांत अक्षराअक्षरांमध्यें जास्त अंतर सोडण्याची चाल आहे. रोमन अक्षरें मुळांतच सुटीं असल्यानें त्यांस तें शोभतें. देवनागरींत मात्र त्यामुळें शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसूं लागतात. अपत्य-थीमच्या शैलीपत्रकांत हें अंतर शून्य करावें. दोन ओळींमधील अंतरहि वाढवावें, कारण देवनागरींत वर रफार-मात्रा आणि खालीं उकार-जोडाक्षरें असा दोन्हीकडे विस्तार असतो, आणि ओळी जवळ आल्या तर ते एकमेकांत अडकतात. फाँटहि मुक्त परवान्याचा निवडावा. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटानें केलेला ‘मुक्ता’ हा फाँट तसा आहे. या तीन दुरुस्त्यांस दहा ओळींहून अधिक आज्ञावली लागत नाहीं, पण वाचकाच्या डोळ्यांस त्यांनीं जो विसांवा मिळतो तो महागड्या थीमनेंहि मिळत नाहीं.

रूपाच्या पलीकडे मजकुराची जातहि घडवितां येते. वर्डप्रेस मुळांत दोन प्रकार देतें: काळाच्या ओघांत येणारे लेख, आणि ‘संस्थेविषयीं’ यासारखीं स्थिर पानें. वाचनालयाच्या व्याख्यानमालेची नोंद यांपैकीं कशांतहि नीट बसत नाहीं. प्रत्येक व्याख्यानास वक्ता असतो, विषय असतो, तारीख असते. आणि अमुक वर्षीं कोण येऊन गेलें हें शोधणारा अभ्यासक केव्हांतरी येतोच. जून २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ‘व्याख्यान’ असा स्वतःचा प्रकार निर्माण करणें सुलभ झालें आहे. त्यासाठीं गाभ्यांत कांहींच बदलावें लागत नाहीं. गाभ्याच्या कामांत ठिकठिकाणीं हुक नांवाच्या खुंट्या मारून ठेवल्या आहेत, आणि आपली आज्ञावली तेथें अडकवावी अशी योजना आहे. कांहीं खुंट्यांवर नवें काम अडकवितां येतें, तर कांहींवर गाळणीसारखें जाणाऱ्या मजकुराचें रूप पालटतां येतें. ही आज्ञावली थीममध्यें न ठेवतां संस्थेच्या एका लहानशा स्वतंत्र प्लगइनमध्यें ठेवावी. थीममध्यें ठेवली तर थीम बदलतांच सर्व व्याख्यानें दिसेनाशीं होतात; कोठारांत तीं असतात, पण त्यांस ओळखणारा कोणी राहत नाहीं. रंगरूपाचा संबंध थीमशीं आणि संस्थेच्या नोंदींचा संबंध प्लगइनशीं, हा विवेक सुटूं देऊं नये.

तयार प्लगइन तर हजारों मिळतात, आणि नवशिक्यास त्यांचा मोह पडतो. प्रत्येक प्लगइन म्हणजे घराच्या भिंतीस पाडलेलें एक नवें दार आहे. ज्याची गरज नाहीं तें बसवूं नये, ज्याचा कर्ता त्याकडे फिरकेनासा झाला आहे तें काढून टाकावें, आणि जें विकत घेण्याऐवजीं चोरट्या मार्गानें मिळालें आहे त्यास तर उंबऱ्याच्या आंतहि घेऊं नये.

माणसांस अधिकार देतांनाहि हीच सावधगिरी हवी. वर्डप्रेसमध्यें पांच श्रेणी आहेत: व्यवस्थापक, संपादक, लेखक, योगदाता आणि सदस्य. योगदात्यास लिहितां येतें, पण प्रसिद्ध करतां येत नाहीं. संपादकास सर्वांचें लेखन प्रसिद्ध करतां येतें, पण प्लगइन बसवितां येत नाहीं. वृत्तांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास योगदाता करावें, ग्रंथपालास संपादक. सर्वांस व्यवस्थापक करून ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगून ठेवण्यासारखें आहे.

राहिला प्रश्न जपणुकीचा. २६ जानेवारी २०१७ रोजीं वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. आधीच्या दोन आवृत्त्यांत असें एक भगदाड होतें, कीं पासवर्डावांचून कोणाहि परक्यास स्थळावरील लेख बदलतां येई. तें बुजविल्यावर लोकांना नवी प्रत घेण्यास अवसर मिळावा म्हणून त्याची वाच्यता सुमारें एक आठवडा मुद्दाम केली गेली नाहीं. गोष्ट जाहीर झाली आणि ज्यांनीं तोंवर नवी प्रत घेतली नव्हती, त्यांचीं लाखो पानें थोड्याच दिवसांत विद्रूप झालीं. ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून अशा सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप घेण्याची सोय प्रणालींत होती. ज्यांची ती चालू होती ते बहुतांशीं वांचले. ज्यांनीं ती बंद करून ठेवली होती, पुष्कळदां आपले हातचे बदल पुसले जातील या भीतीनें, ते सांपडले. गाभ्यास हात न लावण्याचा नियम येथें फळास येतो.

नव्या आवृत्तीइतकीच दुसरी प्रत आवश्यक आहे. स्थळाची दुसरी प्रत म्हणजे दोन वस्तु: कोठार आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डर. केवळ फोल्डर ठेवला तर छायाचित्रें राहतात आणि शब्द जातात. केवळ कोठार ठेवलें तर शब्द राहतात आणि छायाचित्रें जातात. किल्लीची फाइलहि सोबत ठेवावी. या प्रती त्याच सर्व्हरवर ठेवण्यांत अर्थ नाहीं. घराला आग लागली तर घरांतील विम्याचा कागदहि जळतो. महिन्यांतून एकदां तरी त्या संस्थेच्या कपाटांत वेगळ्या डिस्कवर उतरवाव्या, आणि वर्षांतून एकदां त्यांवरून स्थळ दुसरीकडे खरोखर उभें करून पाहावें. जी प्रत कधीं उभी करून पाहिली नाहीं तिच्यावर विसंबूं नये.

शेवटीं पुन्हां त्या वाचनालयाकडे वळावें. त्याच्या दप्तरांत देणगीदारांची वही आहे, सभांच्या इतिवृत्तांची वही आहे, ग्रंथांची दाखल-वही आहे. त्यांत आणखी एका वहीची भर पडणें अवश्य आहे. डोमेन कोठें व कोणाच्या नांवें नोंदलें आहे, त्याची मुदत केव्हां संपते, होस्टिंग कोणाकडे आहे, कोणती थीम व कोणतें प्लगइन कशासाठीं बसविलें, संस्थेच्या स्वतःच्या आज्ञावलीची प्रत कोठें आहे आणि शेवटची प्रत केव्हां उतरविली, हें सर्व तींत साध्या मराठींत लिहावें. पासवर्ड निराळ्या बंद लिफाफ्यांत, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशीं, तिजोरींत असावे. आणि कार्यकारी मंडळ बदललें कीं तेहि बदलावे.

सन २००३ मध्यें ह्यूस्टनच्या विद्यार्थ्यास दुसऱ्याचें थांबलेलें काम पुढें नेतां आलें, याचें कारण मूळ कर्त्यानें तें बंद पेटींत ठेवलें नव्हतें. जें सॉफ्टवेअर अशा रीतीनें हातोहात पुढें आलें, त्यावर उभारलेल्या संस्थेनें आपल्या स्थळाचें ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यांत कोंडून ठेवावें, हें त्या परवान्याच्या वृत्तीशीं विसंगत आहे. आजचा उत्साही सभासद उद्यां गांवांत नसेल. त्याच्या जागीं जो नवा मुलगा अथवा मुलगी येईल, तिला ती वही उघडतां यावी, आणि वाचनालयाचें घर पहिल्या दिवसाइतकेंच आपलें वाटावें.